तांबडी चिंधी

“आलं का?”

हाक गच्चीवरून यायची. अण्णा वर त्या भल्यामोठ्या डिशला खांदा लावून उभे असायचे, केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत. गच्चीच्या दारात दादा. जिन्याच्या वळणावर मधली. आणि खाली, टीव्हीच्या काचेला नाक लावून, धाकटा. हाक दादाकडून मधलीकडे, मधलीकडून धाकट्याकडे उतरायची आणि धाकट्याचं बोबडं उत्तर तशाच पायऱ्या चढत वर जायचं, “मुंग्या!” पुन्हा हाक, पुन्हा मुंग्या. मग कधीतरी पडद्यावरच्या मुंग्या पांगायच्या, बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा उमटायचा आणि धाकटा किंचाळायचा, “आलं! आलं!”

एकदा मधली कंटाळली. ऊन पायऱ्यांवर उतरलं होतं, तळपाय भाजत होते. खालून “मुंग्या” आलं आणि तिनं वर “आलं” धाडलं. अण्णांनी डिशचे बोल्ट आवळले, खाली आले, पडदा बघितला. रागावले नाहीत. तिच्या शेजारी पायरीवर बसले नि म्हणाले, “वरचं खाली, खालचं वर. मधे आपलं काही घालायचं नाही, मधलं काही गिळायचं नाही. तू जिना आहेस, बाळा. जिनाच खोटं बोलायला लागला तर वर उभा राहिलेला माणूस आंधळा.”

त्याला आता पस्तीस वर्षं झाली. डिश कधीच भंगारात गेली. पण रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन त्याच वळणावर मधली थबकली, तेव्हा तळपायाला तोच चटका लागल्यासारखा वाटला. पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, वीतभर लांबीचा काळ्या तारेचा तुकडा होता. तीन आठवडे तो तिथं होता. तीन आठवडे जिना मुका होता.

वरच्या खोलीतून दादाचा आवाज आला. “ए मधले, मुहूर्त बघून येणार आहेस का? सगळे खोळंबलेत.”

ती वर गेली.

वरची खोली म्हणजे ऑफिसही आणि घरही. मधोमध आईचं कापड बेतायचं लांबलचक टेबल. त्याच्या एका टोकाला अजून शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला तक्रारींचा फोन. भिंतीवर हिरवे दिवे मिचकावणारी यंत्रं. याच टेबलावर आजोबांनी लोकांचे रेडिओ उघडले होते. अण्णांनी इथूनच गल्लीला टीव्हीची तार दिली. मग दादानं आणि मधलीनं ती जाडजूड तार उपसून काचेची घातली, आत केसासारखी बारीक, जिच्यातून उजेड धावतो आणि उजेडावर बसून साऱ्या जगाची खबर. एका पिढीनं आवाज विकला, दुसरीनं चित्र, तिसरी वेग विकत होती. गिऱ्हाईक तेच, जिने तेच, टेबलही तेच.

टेबलावर आज एक पांढरं पाकीट होतं, भागात नव्यानं उतरलेल्या मोठ्या नेट कंपनीचं.

“उद्या संध्याकाळपर्यंत मुदत,” दादा म्हणाला. त्यानं पाकिटाला बोट लावलं नव्हतं. पेन्सिलीच्या टोकानं ढकलत होता, जशी पाल ढकलावी. “सगळं जाळं त्यांना द्यायचं. तारा, खांब, गिऱ्हाईकं. आपण त्यांचे पगारी नोकर. मी तर म्हणतो, फाडून टाकू आणि उद्यापासून दर पाडू. ते सहा महिने फुकट देतायत ना? आपण वर्षभर निम्म्या दरात देऊ. बघू कोणाचा दम आधी सुटतो.”

“तुमचाच सुटेल,” वहिनी फोनजवळून म्हणाली. तक्रारींचा फोन गेली बारा वर्षं तिच्या कानाला होता. घरात सगळ्यांत आधी वारा तिलाच लागायचा. “अहो, मी रोज ऐकते ना. पूर्वी लोक शिव्या द्यायचे. मॅच चालू असताना नेट गेलं की आईबाप काढायचे. आता गोड बोलतात. वहिनी, तब्येत कशी आहे, मुलं काय म्हणतात, आणि हो, तेवढं आमचं कनेक्शन बंद करून टाका. शिव्या परवडल्या हो.”

“म्हणजे विकायचं म्हणतेस?”

“मी काही म्हणत नाही. मी फक्त फोन उचलते.”

अण्णा खिडकीपाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होते. उजेड पाठीमागून येत होता, त्यामुळे चेहरा सावलीत. चहाचा कप आईनं त्यांच्या हातात दिला. नुसता दिला नाही. कान त्यांच्या बोटाकडे वळवून, बोट त्यात अडकल्याची खात्री करून मग सोडला. मधलीनं ते पाहिलं. हल्ली ती असल्या गोष्टी पाहायची आणि पाहिल्याचं स्वतःलाही सांगायची नाही.

“धाकटा येतोय का?” अण्णांनी विचारलं.

“कंपनीचा माणूस म्हणून येतोय,” दादा म्हणाला. “अकरा वाजता.”

“माणूस म्हणून आला तरी खूप झालं,” आई पुटपुटली आणि शिवणयंत्रावरची धूळ उगाच पुसली. तिच्या यंत्राखालच्या टोपलीत चिंध्या होत्या, तांबड्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. ही या घराची जुनी रीत. गच्च्यांवरून तारांचं जंगल जायचं. कुठली चालू, कुठली मेलेली, कसं कळणार? अण्णांनी आईच्या चिंध्या मागून घेतल्या होत्या. चालू तारेला तांबडी, मेलेलीला पांढरी. मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून आईनं गाणं जुळवलं होतं. यंत्राचं चाक फिरवत म्हणायची,

तांबडी चिंधी जागी बाई, तिला हात लावू नाही
पांढरी चिंधी निजली बाई, तिला तोडू, भीती नाही

बाहेरच्या जगात तारांना छापील पट्ट्या आल्या, आकडे आले. दादानं पट्ट्यांचे डबेही आणून ठेवले. पण हात जायचा तो चिंध्यांच्या टोपलीकडेच.

*

धाकटा अकराला पाच कमी असताना आला. पांढरा सदरा घालून आला होता, कंपनीचा निळा नाही. पण ओळखपत्राची निळी पट्टी खिशातून डोकावत होती. ती त्यानं आत कोंबली, आणि ती पुन्हा बाहेर आली.

“बस, बाळ,” आई म्हणाली.

“चहा टाकलाय,” वहिनी म्हणाली.

“बसायला सांगा, चहा द्या, पाय चेपा,” दादा म्हणाला. “पाहुणे आहेत.”

धाकटा बसला नाही. पाच वर्षांपूर्वी याच टेबलापाशी तो दादाशी भांडून गेला होता. तेव्हा तो म्हणत होता, मोठे मासे येणार आहेत, तयारी करा. दादा म्हणत होता, तुला पोहता येतं तेवढं पुरे. मग तो माशांकडेच नोकरीला लागला. त्यानंतर त्याच्या वाटच्या शिड्या मधलीच चढली. लोक म्हणायचे, हिचं लग्न राहिलं. ती म्हणायची, राहिलं कुठं, शिडीशी लागलंय की. सगळे हसायचे. ती रात्री गुडघ्यांना तेल चोळायची.

“कंपनीचं म्हणणं आधी सांगतो,” धाकटा म्हणाला, आणि पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. इतकी रक्कम, इतके हप्ते, दादाला विभागप्रमुखाची जागा, मधलीला दुरुस्ती पथकाची. अण्णांचं नाव वर्षभर पाटीवर राहील. मग त्यानं ते पाकीट उचललं, टेबलावर पालथं घातलं. “कंपनीचं झालं. आता माझं ऐका. सही करू नका.”

फोन वाजला. वहिनीनं उचलून न ऐकताच “अर्ध्या तासात माणूस येतोय” म्हटलं आणि ठेवला.

“काय म्हणालास?” दादा म्हणाला.

“सही करू नका. आणि दादा, दर पाडू नकोस. तू दर पाडणार, हे आम्हाला माहीत आहे. म्हणजे, तसं गृहीत धरलंय.” तो घाईघाईनं बोलायला लागला, लहानपणी चुकीचं कबूल करताना बोलायचा तसा. “नव्या भागात उतरलो की आम्हाला पहिलं दीड वर्ष कमवायचंच नसतं. तिथला लहान धंदेवाला किती महिने उपाशी तग धरेल, एवढंच बघायचं. तेवढे महिने फुकट वाटायचं. शेजाऱ्याला आणा, तुमचा महिना माफ. इमारतीचा जिना रंगवून देतो, लिफ्ट दुरुस्त करून देतो, मग त्या इमारतीत दुसऱ्याची तार चढू द्यायची नाही. लहान माणूस घाबरतो, दर पाडतो, आणखी लवकर संपतो. तो संपला की अठराव्या महिन्याला आम्ही दर चढवतो. तोवर गिऱ्हाईकाला जायला दुसरं दारच नसतं. तुमचे चौदा महिने काढलेत.”

“कोणी काढले?”

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. “मी.”

वहिनीच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं.

“मीच काढले, म्हणून सांगतोय ते चुकवायचे कसे. दर हे आमचं मैदान आहे, तिथं खेळूच नका. तुमचा दर आहे तोच ठेवा. आमच्याकडे नेट गेलं तर माणूस चौथ्या दिवशी येतो. फोन कुठल्यातरी लांबच्या गावात उचलतात, त्यांना आपला जिना कुठं आहे हेही ठाऊक नसतं. ताई दोन तासांत शिडी लावते. ते विका. लिहून द्या, दोन तासांत आलो नाही तर महिना माफ. आणि आजूबाजूचे ते तिघं लहान नेटवाले, ज्यांच्याशी तुम्ही वर्षानुवर्षं बोलत नाही, त्यांच्याकडे जा. चौघं मिळून वरचं नेट एकत्र घ्या, स्वस्त पडेल. एकमेकांच्या तारा टोकाला जोडा. एकाची तुटली तर दुसऱ्याच्या वाटेनं चालू राहील. मग आमचं चौदाचं गणित बसत नाही. वरचे लोक कंटाळून दुसरा भाग शोधतात. मी पाहिलंय तसं होताना.”

मधलीला वाटलं, हा माणूस आपली नोकरी या टेबलावर काढून ठेवतोय, आणि कुणी तिच्याकडे बघतही नाहीये. त्याचं बोलणं खरं होतं. शिडीच्या टोकावरून तिला जे दिसायचं, तेच तो जमिनीवरून सांगत होता. दादाच्या कपाळावरची आठीसुद्धा क्षणभर सैल झाली. त्यानं पेन्सिल उचलली, कागदावर तीन टिंबं काढली, तिघं नेटवाले असावेत, आणि त्यांना जोडायला रेघ ओढायला लागला.

मग रेघ अर्ध्यावरच थांबली.

“आणि तार कापायची,” दादा म्हणाला, “तीही त्याच गणितात होती का?”

“दादा, तार आम्ही कापली नाही.”

“मुख्य तार. भर दुपारी. नऊ तास आख्खा भाग बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रत्येक जिन्यात निळे सदरे हजर. यांचं नेट असंच जातं बघा, आमचं फुकट घ्या. एका आठवड्यात दोनशे घरं गेली. तीस वर्षांची घरं! आपोआप हजर झाले काय रे, फुलांसारखे उगवले?”

धाकट्याचा चेहरा उतरला. “नाही. ते मी लिहून दिलं होतं. ज्याची लाइन पडेल त्याच्या जिन्यात दुसऱ्या सकाळी पोचायचं. गेल्या वर्षीच लिहिलं, सगळ्या भागांसाठी. इथं तेच होईल असं... मला त्याची लाज वाटते. हवं तर थुंका माझ्यावर. पण तार नाही, दादा. आपल्या तारेला मी हात लावीन?”

“आपल्या,” दादा म्हणाला. “बघा, आपल्या म्हणतो.”

“अण्णा,” धाकटा खिडकीकडे वळला. “तुम्ही तरी बोला.”

अण्णांनी कप खाली ठेवला. बशीच्या कडेवर टेकला, कलंडला, आईनं सावरला.

“दोनशे घरांत मी स्वतः पहिली तार नेली होती,” अण्णा हळू म्हणाले. “दार वाजवून. वर जाऊ का, विचारून. ज्यानं माझी तार कापली, त्याचा सल्ला मला ऐकायचा नाही.”

“माझ्याकडे बघून म्हणा ना ते.”

अण्णांनी मान वळवली. पण नजर धाकट्याच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या हिरव्या दिव्यांवर जाऊन टेकली. धाकटा त्या नजरेच्या वाटेत यायला अर्धं पाऊल सरकला. नजर तिथंच राहिली.

“बरं,” तो म्हणाला. “बघायचंही नाही, एवढं झालंय तर. येतो मी, आई.”

“बाळ, चहा तरी...”

पावलं जिन्यावरून उतरत गेली. वळणावर एक पायरी करकरली, ती लहानपणापासून करकरायची.

*

“मग ठरलं,” दादा म्हणाला. आवाज मोठा होता, पण त्यात मघाचं बळ नव्हतं. “उद्यापासून दर निम्म्यावर.”

“पाड,” अण्णा म्हणाले.

वहिनीनं मधलीकडे पाहिलं. “तुम्ही काहीच कसं बोलत नाही? सगळ्यात जास्त तर तुम्हाला कळतं.”

कळतं, म्हणूनच तर. तार तुटली त्या बुधवारी ती शिडी लावून पाण्याच्या टाकीमागं पोचली, तेव्हा अर्ध्या मिनिटात तिला कळलं होतं. तिथं मेलेल्या जुन्या तारा कापून, गोल गुंडाळून, आठाच्या आकड्यासारखी गाठ मारून ठेवल्या होत्या. अशी गाठ जगात एकच माणूस मारतो. म्हणजे आई बाजारात गेलेली असताना, मांडीचं हाड मोडल्यापासून ज्यांना वर चढायची बंदी होती ते अण्णा, कुणाला न सांगता गच्चीची साफसफाई करून गेले होते. आणि त्या गुंडाळ्यांच्या शेजारी मुख्य तार, कापलेली. कापल्या जागी काळ्या वेष्टणावर एक बारीक दात उठलेला. अण्णांच्या पकडीचा एका बाजूचा टवका उडालाय; ती जे कापते त्यावर आपली सही करते.

तिनं तो तुकडा कापून पेटीत टाकला, नवा जोड घातला, रात्री नऊला सगळं चालू केलं. खाली आली तेव्हा दादा ओरडत होता, कंपनीच्या लोकांनी केलं, धाकट्यानं वाट दाखवली. ती हात धुवायला गेली. उद्या सांगू, म्हणाली. अण्णांना कसं सांगायचं, की तुमच्या हातून तुमचीच मान कापली गेली? उद्याचा परवा झाला.

एवढंच असतं तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. पण आत आणखी एक चिमूटभर काहीतरी होतं, जे ती गुडघ्याला तेल चोळताना चाचपून बघायची. होऊ दे त्याच्यावर आळ. पाच वर्षं मी उन्हात चढतेय, तो थंड खोलीत बसून लोकांचे महिने मोजतोय. थोडं भोगू दे त्यालाही. हे तिनं मुद्दाम ठरवलं नव्हतं. पण मनात येऊन बसल्यावर त्याला उठवलंही नव्हतं.

आज तो आळ आलेला माणूस आपली नोकरी टेबलावर ठेवून गेला होता. आणि उद्या दर निम्म्यावर.

तिनं पेटी टेबलावर ठेवली. झाकणाचा आवाज मोठा झाला. फडकं सोडलं, आणि तुकडा तिनं दादाला दिला नाही; खिडकीपाशी जाऊन अण्णांच्या तळहातावर ठेवला.

“हे काय?” दादा म्हणाला.

“त्या दिवशीचं टोक.”

अण्णांनी तुकडा डोळ्यांसमोर नेला नाही. अंगठा फिरवला. वेष्टणावरून, कडेवरून, हळूहळू, आंधळी मांजर पिलाला चाटते तसा. अंगठा एका जागी अडला. पुढं गेला. मागं आला. तिथंच थांबला.

“हा दात माझ्या पकडीचा आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे आपली पक्कड चोरली त्यांनी!” दादा म्हणाला.

“दादा.”

“नाही, चोरली असणार. खालच्या कपाटाला कुलूप कुठं असतं? तो धाकटा सगळं जाणतो...”

“दादा, पक्कड कपाटातच होती. जुन्या तारा गुंडाळून ठेवल्या होत्या, आठाची गाठ मारून. चोर गाठी मारत बसत नाही.” तिनं खिशातून एक चिंधी काढली. “ही त्या तारेवर होती.”

दादानं चिंधी घेतली, उजेडात धरली. “ही तर पांढरी आहे. चालू तारेला पांढरी चिंधी कोणी बांधली?”

आई उठली. तिनं दादाच्या हातातून चिंधी घेतली आणि टेबलाशी बसून, शिवण उसवावी तशा बोटांनी, तिची गाठ सोडवायला लागली. गाठ वर्षानुवर्षांची, उन्हापावसात कडक झालेली, मधे कुणी सैल करून पुन्हा आवळल्यासारखी. शेवटी कापड मोकळं झालं. गाठीच्या आत, जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथं बोटभर कापड तांबडंभडक होतं, काल रंगवल्यासारखं.

“विटली गं,” आई म्हणाली. “नवीन बांधायला पाहिजे होती. मीच द्यायला पाहिजे होती.”

“कोणालाही पांढरीच वाटली असती,” वहिनी घाईनं म्हणाली. “अण्णा, तुमची काही चूक नाही त्यात. माझाही तसाच घोटाळा झाला असता.”

दादा खाली बसला. त्यानं अर्धवट रेघ ओढलेला कागद उगाच सरळ केला, मग पुन्हा वाकडा केला. “मधले, तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“आणि तीन आठवडे...”

“हो. तीन आठवडे.” तिचा आवाज फाटला. “तुम्हाला त्रास होईल म्हणून गप्प बसले, असं म्हणाले असते तर तुम्ही खरं मानलं असतं. पण ते अर्धंच खरं आहे. अर्धं मी धाकट्यावरचा राग काढत होते.”

अण्णा चिंधीकडे हात पसरून होते. आईनं ती त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी ती चुरगळली, सरळ केली, पुन्हा चुरगळली.

“रंग विटतो हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तुमच्या आईच्या कापडाला मी काय आज ओळखतो? गाठीत रंग राहतो. कापण्याआधी मी गाठ सैल करून आत बघायचो. नेहमी. एकदाही न बघता कापली नाही.”

“मग त्या दिवशी?” दादानं विचारलं.

आईनं मान खाली घातली, आणि मधलीला एकदम आठवलं, आईला सुईत दोरा अण्णाच ओवून द्यायचे, रोज सकाळी, दहा-बारा सुया एकदम. आणि गेलं वर्षभर ती सुया घेऊन शेजारणीकडे जात होती.

“तो गेला का?” अण्णांनी विचारलं.

आई खिडकीतून वाकली. “खालीच आहे. पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधतोय. मघापासून बांधतोयच.”

अण्णा उठायला लागले. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्ध्यातूनच परत बसले. “मला लवकर उतरवणार नाही,” ते म्हणाले. “तोवर जाईल तो. हाक मारायलाही आता दम नाही उरला.” मग मान वर करून, जिथं ती उभी होती त्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाले, “मधले, जिन्यावर जा.”

ती गेली. तिच्या मागोमाग, कुणी न सांगता, दादा उठून दारात उभा राहिला. दार गच्चीचं नव्हतं, खोलीचं होतं, पण उभं राहणं तेच, फक्त चौकटीच्या माथ्याला आता त्याचं डोकं टेकत होतं. ती वळणावरच्या करकरणाऱ्या पायरीवर थांबली. खाली उघड्या दारातून दुपारचं ऊन आत आलेलं, त्यात धाकट्याची पाठ. सदऱ्यावर घामाचा डाग. निळी पट्टी खिशातून पुन्हा बाहेर.

“बाळ, थांब,” ती म्हणाली.

त्यानं वळून बघितलं नाही. पण नाड्यांवरचे हात थांबले.

वरून काहीच आलं नाही. तिनं मान वर करून दादाकडे पाहिलं. दादा खोलीत बघत होता, कान देऊन. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पडद्यावरच्या मुंग्या पांगतात आणि मागचा चेहरा उमटतो, तसा. मग चौकटीला हात टेकून त्यानं वरचं खाली सोडलं, घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द तोलत.

मधलीनं ते ऐकलं. क्षणभर तिला वाटलं, एवढं सगळं कशाला. अण्णा बोलावतायत, एवढं म्हटलं तरी पुरे. म्हाताऱ्या माणसाची लाज राहील, तोही येईल. किती सोपं. तळपायाखाली पायरी तापली होती.

मग तिनं श्वास घेतला. आणि आपलं काही न घालता, मधलं काही न गिळता, आलं होतं तसंच खाली पोचवलं.

“बाळ, तार मीच कापली. गाठ उघडून बघितली होती, पण तांबडं दिसलंच नाही. मघाशी तूही दिसला नाहीस. वर्ष झालं, मला दिसत नाही. वर ये.”